भुशाची अक्षरं, झारीचं पाणी

तेंचाबाईंच्या वर्गातली पोरं गावात कुठेही ओळखू येतात. कोपरापर्यंत जांभळी असतात. कधी हिरवी, कधी पिवळी, पण ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा जवळ आला की जांभळीच. आयांनी दगडाने घासलं तरी रंग हटत नाही, आणि दरवर्षी नव्या आया शाळेच्या दारात येऊन बाईंशी हुज्जत घालतात. बाई म्हणतात, रंग जाईल हो, अक्षर राहील. हे त्या इतकी वर्षं म्हणतायत की त्यांना स्वतःलाच त्याचा वीट आलाय, पण दुसरं काही सुचत नाही आणि रोज भांडायला वेळही नसतो.

नाव त्यांचं ओर्तेन्सिया. ते कुणी घेत नाही. ज्वालामुखीच्या पायथ्याच्या त्या गावात अर्ध्या लोकांना त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवलेलं, त्यामुळे खाटकापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांच्या त्या तेंचाबाई. अंगाने लहानखुऱ्या, आवाजाने दांडग्या, आणि बोलायला लागल्या की समोरचा पाद्री आहे की खाटीक हे बघायच्या नाहीत.

त्यांची शिकवायची रीत अशी की पहिले काही महिने पाटी नाही, पेन्सिल नाही. लाकडाचा भुसा. त्या गावात पवित्र आठवड्यात गल्लोगल्ली रंगीत भुशाचे गालिचे घालतात, फुलं, पक्षी, देवदूत, काय वाटेल ते, आणि मग वरून मिरवणूक जाते आणि गालिचा मोडतो. मोडायलाच घातलेला असतो, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. जन्मल्यापासून पोरांची बोटं भुशात, मग अक्षर तरी दुसरीकडे कशाला शिकवायचं, असा बाईंचा सरळ हिशेब होता. पत्र्याच्या ताटात रंगीत भुसा घ्यायचा, त्यात बोटाने अक्षर काढायचं, आणि चुकलं की ताट हलवायचं. चूक गायब. जे पोर पहिल्यांदा चुकतं त्याला ताट हलवायला जी मजा येते ती बघण्यासारखी असते, मग ते मुद्दाम चुकतं.

प्रत्येक अक्षराला बाईंनी एक सोंग दिलेलं. एस्से, म्हणजे त्यांच्या स्पॅनिशमधला S, ही उन्हात लोळत पडलेली आळशी मांजर. ते, म्हणजे T, हा पाऊस नसताना छत्री उघडून उभा राहिलेला शहाणा. आणि एर्रे, म्हणजे R, हा पोटभर जेवून फिरायला निघालेला माणूस, पाठ ताठ, पोट पुढे, एक पाय टाकलेला. अंगणात खडूने मोठाली अक्षरं काढून त्यांच्यावरून पोरांना चालवायचं. बाजारात न्यायचं आणि ज्याला जे अक्षर दिलंय ते त्याने पाट्यांवरून हुडकून काढायचं. सापडलं की मोठ्याने ओरडायचं, मग दुकानदार दचकला तरी हरकत नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या चुसमावशी मक्याच्या पिठाची अक्षरं थापून तव्यावर भाजून द्यायच्या, आणि ज्याने बरोबर नाव सांगितलं त्याने ते खायचं. त्यामुळे ज्यांना भूक जास्त, त्यांना अक्षरं लवकर यायची.

एवढं सगळं असून त्या वर्षी एक पोर भुशाला बोट लावेना.

फेला तिचं नाव. ओफेलिया, पाच वर्षांची, दोन घट्ट वेण्या. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा तिचा मामा रोसेंदो तिला दारापर्यंत सोडून गेला, तोही चार हात लांबून चालत. वरच्या वाडीतली पोर. मागच्या वर्षी डोंगर फुटला तेव्हा ती वाडी राखेखाली गेली आणि फेलाचे आईबाप तिथेच राहिले. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाईंनीही तिला काही विचारलं नाही. खिडकीजवळ जागा दिली, ताट दिलं, त्यात सगळ्यात सुंदर जांभळा भुसा दिला. फेलाने ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि हात मांडीखाली घालून बसली.

पहिले काही दिवस बाई म्हणाल्या, बसू दे. मग हिरवा भुसा देऊन पाहिला, मग गुलाबी. मग चुसमावशींनी पिठाचं ओ करून दिलं, ते मात्र तिने मुकाट्याने खाल्लं, नाव न सांगता. बाजारात गेली, अंगणात चालली, पण भुशाचं ताट आलं की हात मांडीखाली. एकदा बाईंचा संयम सुटला. चाळीस पोरांना शिकवून माणूस दमतं, आणि आपल्या रीतीचा अभिमान असला की आणखी लवकर दमतं. त्यांनी फेलाचा हात धरला आणि हसत हसत ताटात ठेवला, चल गं, चावत नाही तो. पोर ओरडली नाही, रडली नाही. लाकडासारखी ताठ झाली. बाईंनी हात सोडला तेव्हा ती तो फ्रॉकला पुसत राहिली, शाळा सुटेपर्यंत पुसत राहिली. त्या दिवशी घरी जाताना तेंचाबाईंना कुणाचं तोंड बघवेना, स्वतःचं तर नाहीच.

त्याच आठवड्यात रोसेंदो भुशाची पोती घेऊन आला. हा रोसेंदो लाकडाच्या वखारीत करवतीवर कामाला होता आणि दरवर्षी शाळेला भुसा तोच द्यायचा. बाईंचाच विद्यार्थी. लहानपणी असा गुबगुबीत होता की त्याला वर्गात पोट पुढे काढून येताना बघूनच बाईंना एर्रेचं सोंग सुचलेलं. आता सडसडीत झाला होता, लग्न केलेलं नव्हतं, आणि बहीण गेल्यापासून बोलणंही कमी झालं होतं. त्याने पोती उतरवली, टोपी हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

"बोल की," बाई म्हणाल्या.

"पोरांची मिरवणूक झाली की तिथूनच फेलाला राजधानीत नेतोय, बाई. सिस्टरांच्या वसतिगृहात. जागा मिळालीय."

बाईंनी त्याला तिथल्या तिथे झापायला सुरुवात केली. बहिणीची पोर म्हणजे काय वखारीतली फळी आहे का, इकडून उचलून तिकडे ठेवायला. रोसेंदोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती मला भिते, बाई."

"तुला कोण भिणार? तू तर कोंबडीला भ्यायचास."

तो हसला नाही. रोज संध्याकाळचं त्याने सांगितलं. तो घरात पाऊल टाकतो की पोरगी टेबलाखाली जाते. तो ताट वाढून टेबलाखाली सरकवतो आणि मागच्या अंगणात जाऊन बसतो, तेव्हा ती जेवते. तिच्यासाठी लाकडाचं कासव केलं, तेही तिने दाराबाहेर ठेवून दिलं. एकदा पडली म्हणून त्याने उचलायला हात पुढे केले, तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "घरातल्या माणसाला भिऊन पोर टेबलाखाली जेवते. हे कसलं सांभाळणं, बाई? माझ्या बहिणीने बघितलं असतं तर काय म्हणाली असती?"

बाई एवढंच म्हणाल्या की मिरवणुकीपर्यंत कुणाला काही बोलू नकोस, पोरीला तर नाहीच, आणि तोपर्यंत मला बघू दे. रोसेंदोने मान हलवली. पण बसचं तिकीट त्याने काढून ठेवलं होतं.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी पोरांची मिरवणूक निघते. लहान पालखी, खाली जांभळ्या झग्यातली पोरंच भोई, आणि शाळेसमोरच्या रस्त्यावर तेंचाबाईंच्या वर्गाचा गालिचा. त्यात फुलं नाहीत, पक्षी नाहीत, नुसती अक्षरं. प्रत्येक पोराने आपल्या घरातल्या एका माणसाचं पहिलं अक्षर घालायचं. आजीचं घाला, बापाचं घाला, रात्री रडणाऱ्या तान्ह्या भावाचं घाला, तुमची मर्जी. त्यावरून दरवर्षी घराघरांत रुसवेफुगवे व्हायचे आणि बाईंना ते फार आवडायचं.

तर त्या अक्षरांचे छापे कापायचं काम सुरू झालं. जाड कागदात अक्षराचा आकार कापायचा, कागद जमिनीवर ठेवायचा, भोकातून भुसा चाळायचा आणि कागद उचलायचा. सोपं आहे, फक्त एक गोष्ट विसरायची नाही. ज्या अक्षरांना पोट असतं, ओ, आ म्हणजे A, दे म्हणजे D, एर्रे, त्यांच्या पोटाला बाहेरच्या कागदाशी बांधणाऱ्या दोन बारीक पट्ट्या सोडायच्या. नाहीतर पोट गळून पडतं आणि छाप्यातून ओच्या जागी भरीव लाडू उठतो. चुसमावशींना हे पक्कं माहीत होतं, पण मावशी कापता कापता बोलायच्या, आणि भाचीच्या साखरपुड्याची गोष्ट रंगात आली की पट्ट्या राहून जायच्या. एकामागून एक पोटं टपाटप जमिनीवर. बाई वैतागल्या की मावशी, अहो तुमची गोष्ट आवरा, माझी सगळी अक्षरं उपाशी मरतायत.

ती पडलेली पोटं कुणी उचलली हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळा सुटली, बाई झाडायला आत वळल्या, तर फेला बाकावर. तिने छापे ओळीने मांडले होते आणि प्रत्येक छाप्याच्या भोकात त्याचं त्याचं पोट बसवत होती. ओमध्ये अंड्यासारखं. आमध्ये तिकोनी. बाई हळूच येऊन शेजारी टेकल्या. एक पोट उचलून विचारलं, हे कुणाचं?

"देचं. मोठं आहे." मग दुसरं तिने आपणहून उचललं. "हे एर्रेचं. त्याला खाली पाय पण आहे ना, म्हणून पोट छोटं."

तीन महिन्यांत पोरगी एवढं बोलली नव्हती. बाईंनी एकेक करून सगळी अक्षरं विचारली, पोट नसलेलीसुद्धा, आणि तिने सगळी सांगितली, एस्सेच्या आळशी मांजरीसकट. भुशाला बोट न लावता पोर खिडकीत बसून सगळं शिकून मोकळी झाली होती. तेंचाबाईंना तिला उचलून गरगर फिरवावंसं वाटलं. पण त्यांना तो ताठ झालेला हात आठवला, म्हणून त्यांनी फक्त म्हटलं, वा. आणि एर्रे म्हणजे तुझा मामा बरं का, तो लहानपणी अगदी असाच दिसायचा. फेलाने छाप्याकडे निरखून पाहिलं.

आता कोडं उलट वाढलं. अक्षरांचं वावडं नाही, मग आहे तरी कशाचं?

उत्तर मिलोने दिलं, आणि ते देताना त्याला फटके मिळणार होते. मिलो म्हणजे वर्गातलं वांड कार्टं. पडवीत पोरं न रंगवलेला कोरडा भुसा चाळत होती, बाई आत रंग कालवत होत्या, आणि मिलोने भरलेली चाळण दोन्ही हातांनी वर उडवली. त्याला पाऊस पाडायचा होता म्हणे. पडवीभर करडा धुरळा उठला, पोरं खोकायला लागली, हसायला लागली. बाई बाहेर धावल्या तेव्हा फेला हसत नव्हती. तिने शेजारच्या निचाला, वर्गातल्या सगळ्यात लहान पोरीला, दंडाला धरून टेबलाखाली ओढलं. स्वतःचा फ्रॉक पिण्याच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि ओलं टोक निचाच्या नाकातोंडावर दाबून धरलं.

"तोंड उघडू नकोस," ती निचाला सांगत होती. आवाज मोठ्या बाईसारखा. "सगळं खाली बसेपर्यंत उघडायचं नाही. मी सांगते तेव्हा उघड."

निचा बिचारी गंमत समजून डोळे मोठे करून बसली होती. मिलो कान पकडून फटक्याची वाट बघत होता. फटका पडलाच नाही. तेंचाबाई पडवीत त्या भुशातच मटकन बसल्या. डोंगरावरून राख पडत होती तेव्हा हे तिला कुणीतरी सांगितलं असणार, तिच्या तोंडावर असंच ओलं कापड धरून, आणि कोणी ते बाईंना कळायला वेळ लागला नाही. इतके महिने आपण या पोरीपुढे ताटात भरून काय ठेवत होतो. जांभळं केलं, हिरवं केलं, गुलाबी केलं, आणि कौतुकाने म्हटलं, चावत नाही तो. बाई रडल्या, पोरांसमोर रडल्या. निचाने टेबलाखालूनच विचारलं की बाईंच्या डोळ्यात भुसा गेला का. बाई म्हणाल्या, हो.

शाळा सुटल्याबरोबर त्या वखारीत गेल्या. रोसेंदोने करवत बंद केली आणि टोपी काढली. टोपीखालचं तेवढं कपाळ माणसासारखं होतं. बाकी भुवया, पापण्या, कान, मान, हात, सगळं भुशाने भुरं. बाई त्याला इतकी वर्षं तसंच बघत आलेल्या, म्हणून त्यांना ते कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी त्याला हाताला धरून बाहेर उभ्या ट्रकच्या आरशासमोर नेलं.

"बघ. ती तुला भीत नाही, रोसेंदो. हे बघ तुझ्या अंगावर काय आहे."

त्याने आरशात बघितलं. डोंगर फुटला तेव्हा तो वर गेला होता, बहिणीला शोधायला. तो हळूच म्हणाला, "तिथे सगळेच असे दिसत होते, बाई."

तुम्हाला वाटेल, संपलं, आता सुटला प्रश्न. रोसेंदोलाही तसंच वाटलं. तो वखारीच्या टाकीवर खसाखसा अंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून घरी जाऊ लागला. पोरगी टेबलाखालीच. त्याच्या कानाच्या पाळीत कुठेतरी भुसा राहत असेल, किंवा अंगाला लाकडाचा वास येत असेल, किंवा एवढे महिने मनात बसलेलं एका अंघोळीने उठत नसेल. चार दिवसांनी तो शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाला की बघा बाई, मी म्हणत होतो ना, मीच. तिकीट तसंच आहे. बाईंच्या डोक्यात फ्रॉकचं ते ओलं टोक घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं की गालिच्यावर सगळ्यात मोठा माणूस कोण. कुणी म्हणालं रंगवाला, कुणी छापेवाला. मिलो म्हणाला, मी. बाई म्हणाल्या, चूक, पाणीवाला. कोरडा भुसा वाऱ्याने उडतो, पाणी मारलं की गप बसतो. गावातला कुठलाही गालिचा घ्या, एक माणूस दिवसभर झारी घेऊन फिरत असतोच, त्याच्याशिवाय गालिचा म्हणजे नुसती धूळ. हे काही बाईंनी फेलासाठी रचलेलं नव्हतं, खरंच तसं असतं. मग त्यांनी शाळेची हिरवी पत्र्याची झारी आणली आणि फेलाच्या पायाशी ठेवली. ही झारी आजपासून हिची. भुसा उडायला लागला की हिने त्याला गप बसवायचं, आणि हिने पाणी मारल्याशिवाय कुणी चाळण हलवायची नाही. मिलो, कळलं ना?

पहिल्या दिवशी तिने दाराच्या आत उभं राहून, हात लांब करून पाणी मारलं. अर्धं मिलोवर पडलं. दुसऱ्या दिवशी ती उंबरठ्यावर आली. ओला झालेला भुसा खाली बसला की ती वाकून बघायची, खरंच बसला का. पायाच्या अंगठ्याने हळूच दाबून बघायची. नाही उठला, तर दुसरीकडे वळायची. बाईंनी त्यात एक नवा खेळ घातला. उन्हाने तापलेल्या अंगणाच्या फरशीवर फेलाने झारीच्या धारेने अक्षर काढायचं आणि ते वाळायच्या आत बाकीच्यांनी ओळखायचं. पोरं जमिनीवर पालथी पडून ओरडायची, एफे, नाही पे, गेलं गेलं, वाळलं. पूर्वी कधी तेंचाबाईंना हा खेळ सुचला नव्हता. एकदा फेला ऊचं, म्हणजे Uचं, वाडगं काढत असताना पाणी संपलं, अर्धंच राहिलं, आणि सगळे तिला चिडवायला लागले की हे काय मोडकं अक्षर. तेव्हा ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते, हे बाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण भुशात तिने बोट घातलं नाही. घरी टेबलही सुटलं नाही.

सोमवार उजाडला. रोसेंदोने पहाटेपासून पोती ओतून रस्त्यावर भुशाचा जाड थर पसरला, फळीने सपाट केला, आणि पोरं येताना दिसली तसा उठून रस्त्यापलीकडच्या भिंतीला टेकून बसला, अंग न धुता. आता धुऊन करायचं काय, असं त्याच्या मनात असावं. त्याची पिशवी शेजारी होती. फेलाचे दोन फ्रॉक त्याने कालच घडी करून त्यात ठेवले होते.

पोरांनी छापे ठेवले. फेलाने प्रत्येक छाप्यातलं गळलेलं पोट जागेवर बसवलं, कागदाच्या कडेला धरून. मग रंग पडला, मग झारी. निचाने आजीचं घातलं, मिलोने स्वतःचंच घातलं, आणि मी घरातलाच माणूस आहे असं वर ऐकवलं. फेलाच्या वाट्याची जागा मधोमध होती. बाईंनी छापे पुढे धरले, कोणतं घेतेस? तिने मान हलवली. बाईंनी आग्रह केला नाही. जागा कोरी राहिली, आणि त्या कोऱ्या जागेवरही तिने नीट पाणी मारलं.

मग लांबून बँडचा आवाज आला, धुपाचा वास आला, आणि कोपऱ्यावरून पालखी वळली. जांभळ्या झग्यातली पोरं दम खात, डुलत, पालखी पेलत आली आणि अक्षरांवरून चालायला लागली. आ गेलं, दे गेलं, मिलोचं एमे गेलं. पोरं टाळ्या पिटत होती. फेला कडेला झारी छातीशी धरून उभी होती, आणि ती अक्षरांकडे बघतच नव्हती. ती पायांकडे बघत होती. इतके पाय पडले, इतके घसटले, आणि भुशाचा एक कण वर उठला नाही. शेवटचा ढोलवाला गेला. रस्त्यावर रंगांचा चिखल झाला होता आणि हवा स्वच्छ होती. पोरीने एवढा मोठा श्वास सोडला की बाईंना तो ऐकू आला.

मग तिने मान वर केली. रस्ताभर कोरडं असं एकच काही उरलं होतं, आणि ते पलीकडे भिंतीला टेकून बसलं होतं.

फेलाने झारी हलवून बघितली. तळाशीच पाणी होतं. ती बादलीपाशी गेली, झारी काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि मोडलेल्या गालिच्यावरून चालत पलीकडे गेली. रोसेंदो उठायला लागला, तिच्या वाटेतून बाजूला व्हायला.

"हलू नकोस," फेला म्हणाली.

तो बसला. तिने झारी वर उचलली, दात आवळून, कारण ती जड होती, आणि त्याच्या डोक्यावर धार धरली. आधी केस, मग कान, मग मान, मग खांदे, काही सुटू नये अशी हळूहळू. त्याने डोळे मिटून घेतले होते. रस्त्यावरची माणसं थांबून हसायला लागली, चुसमावशी पण हसायला लागल्या, आणि बाईंनी त्यांना कोपर मारून गप्प केलं. झारी संपली. फेलाने ती खाली ठेवली आणि वाकून त्याचं तोंड अगदी जवळून बघितलं. धूळ खाली वाहून गेली होती आणि आतून मामा निघाला होता. त्याच्या नाकाखालचं वाकडं हसणं तिच्या आईसारखंच होतं.

त्याच्या दंडावर मात्र भुसा अजून चिकटून होता, ओला, जाड. फेलाने स्वतःचं बोट त्यावर ठेवलं. जरा थांबली. मग उभी काठी काढली, वर पोट काढलं, आणि शेवटी पुढे टाकलेला पाय. कातडी दिसेपर्यंत भुसा बाजूला सारून अक्षर स्वच्छ केलं.

"हा तू," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या."

रोसेंदोने हात पुढे केला नाही, भीती वाटली असेल, तोच जणू पाच वर्षांचा. तिनेच त्याच्या ओल्या मांडीवर बूड टेकलं आणि बोट फ्रॉकला न पुसता त्याच्या दंडावरचा एर्रे आणखी नीट करायला लागली.

"आता रोज घरी आलास की आधी दारात थांबायचं," ती म्हणाली. "आत यायचं नाही. मी झारी घेऊन येते, मग यायचं."

"थांबेन," रोसेंदो म्हणाला.

तेंचाबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी भिंतीजवळची पिशवी उचलली, त्यातले दोन फ्रॉक काढून आपल्या खांद्यावर टाकले, आणि रिकामी पिशवी रोसेंदोच्या हातात देत म्हणाल्या की पोरीला भूक लागली असेल, घरी ने, मावशींनी पाकातले चणे केलेत तेही घेऊन जा. त्याने पोरीला उचललं. झारी फेलाच्या हातात होती, शाळेची, हिरवी पत्र्याची. बाईंनी ती परत मागितली नाही.